पाहून घेतों

त्या काळी मद्रासमध्ये बास्केटबॉल खेळून कुणी पैसे मिळवत नसे. निदान तसं बोलायची पद्धत नव्हती. सगळे खेळाडू हौशी. पण ज्याची उंची बरी आणि नेम चांगला, त्याला कुठल्या ना कुठल्या कचेरीत टेबल मिळायचं. त्या टेबलावरच्या फायली शेजारचा निपटायचा आणि हा चार वाजता बूट काखोटीला मारून मैदानावर. पगार कारकुनाचा, काम खेळाडूचं. याला धंदा नाही तर काय म्हणायचं ते मला आजही कळलेलं नाही, पण तेव्हा तो शब्द लोक नाक मुरडून उच्चारत.

मी तसाच एक कारकून होतो, अड्यारच्या एका कंपनीत, आणि तोही टेंपररी. कंपनीने बास्केटबॉलचा नवा संघ काढला होता आणि शहरातल्या जुन्या क्लबांमधून आम्हां पाच जणांना उचललं होतं. संघाचं सगळं पाहणारे साहेब पुण्याचे, नुकतेच बदलून आलेले. मद्रासमध्ये मराठी कानावर पडत नाही म्हणून बिचारे सुकले होते. मुलाखतीत मी मराठी बोललो तेव्हा ते आधी खूश झाले आणि मग गालात हसायला लागले. आमची मराठी तंजावरची, दोन-अडीचशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्यांची, आणि तमिळच्या सुरात बोलली जाणारी. (ही जी लिहितो आहे ती मराठी मी पुढे शिकलो.) "तू बोलतोस ते ऐकून मला पोथी वाचतोय असं वाटतं," साहेब म्हणाले, आणि नोकरी दिली.

अट साधी होती. शहराच्या लीगमध्ये आमच्या संघाला प्रवेश मिळाला, तर पाचही जण पर्मनंट. नाही मिळाला, तर रिकामा संघ पोसायची कंपनीला हौस नव्हती.

मला पर्मनंट व्हायचं होतं ते आईसाठी. वडील गेले आणि तंजावरच्या घरातला आमचा भाग चुलत्यांकडे गेला. त्यांनी आईला मागची एक खोली दिली होती. दिली होती म्हणजे राहू दिलं होतं. मी मद्रासमध्येच तिरुवल्लिकेणीला एका मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये, चौघांत एक खोली घेऊन राहायचो. वेस्ट मांबलमला, स्टेशनच्या मागच्या बाजूला, दोन खोल्यांचं एक बिऱ्हाड मी पाहून ठेवलं होतं. घरमालकाची एकच अट, भाडेकरूची नोकरी पक्की हवी. त्या घरात आई स्वतःच्या चुलीपाशी बसलेली असेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वडील गेल्यापासून मला दुसऱ्या कशाचं फारसं काही वाटत नसे. डॉक्टर दात काढण्याआधी सुई टोचतो, मग गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं अंगभर झालं होतं. सामना जिंकलो तरी तेच, हरलो तरी तेच. लोकांना वाटे, हा फार थंड डोक्याचा खेळाडू आहे.

लीगचे सेक्रेटरी माझे सख्खे मामा. निवृत्त शिक्षक, तंजावरी मराठी, तिरुवल्लिकेणीतच राहायचे. पगार नाही, मान मात्र सेक्रेटरीचा. कुठला सामना कधी, रेफरी कोण, दिव्यांचं बिल कुणी भरायचं, सगळं तेच बघत. त्या वर्षी दोन संघांनी प्रवेश मागितला होता, एक आमचा आणि एक कुठल्याशा गिरणीचा. घ्यायचे की नाही यावर महिनाभर मैदानावर तोंडाची वाफ दवडली जात होती.

घेऊ नका म्हणणाऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दिव्यांचं मैदान एकच. ऐप्पसीचा, म्हणजे आश्विन-कार्तिकातला, पाऊस लागायच्या आत लीग संपवायची तर संध्याकाळी पुरायच्या नाहीत. रेफरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांतल्या एकाला चष्मा लावूनही रेघ दिसत नसे. शिवाय खरं दुखणं वेगळंच होतं. नवा संघ खेळाडू आणणार कुठून? जुन्या क्लबांतूनच. मी ज्या क्लबात वाढलो तिथून आम्ही दोघे अड्यारला गेलो, तर त्यांच्याकडे बदली खेळाडूसुद्धा उरला नाही. तिथले कप्तान मला मैदानावर भेटले की अजूनही पाठीवर हात ठेवत, पण बोलत नसत. "पाहुणे वाढले म्हणून रसमात पाणी ओतायचं का?" असं ते सगळ्यांना विचारत फिरायचे. दुसऱ्या बाजूचे म्हणायचे की मग पाहुण्यांना दारातूनच उपाशी पाठवायचं का, आणि पोरांना नोकऱ्या लागतात त्या काय तुमचे जुने क्लब देणार? मला दोन्ही पटायचं. मला दोन्ही पटतं म्हटल्यावर मला कुणी विचारेनासं झालं.

सभा मैदानाशेजारच्या पडवीत भरली. मतं क्लबांच्या प्रतिनिधींची, पुढच्या सभेत द्यायची. या सभेत फक्त चर्चा. आम्ही खेळाडू पलीकडे सराव करत होतो. साहेब कंपनीतर्फे कोट घालून बसलेले लांबून दिसत होते. मामा उभे राहून बोलत होते ते दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. सभा संपल्यावर मामा साहेबांना पडवीच्या टोकाला घेऊन गेले, त्यांच्या कानाशी लागून काहीतरी बोलले, मान डोलावली, आणि साहेब तडक गाडीत बसून गेले. मला वाटलं, उशीर झाला असेल.

मामांकडे त्या संध्याकाळी मी कॉफीला गेलो. मामा खुशीत होते.

"सेक्रेटरी म्हणून मज सगळ्या अडचणी सांगणें भाग होतें," ते म्हणाले. "मैदान, पाऊस, रेफरी, सगळें सांगिटलों. नाहीं सांगिटलों तर भाच्यासाठीं करतो म्हणतील. मग तुझ्या सायबास बाजूला नेऊन सांगिटलों, तुम्ही आतां कांहीं बोलूं नका. तुम्हांस मी पाहून घेतों."

"सेरी," मी म्हणालो, म्हणजे बरं. आमच्या घरात आजारी माणसाला, नव्या सुनेला, परीक्षेला बसणाऱ्या पोराला हेच सांगत. भिऊ नको, तुला मी पाहून घेतों. तमिळमध्ये काळजी घेतो म्हणायचं तर असंच म्हणतात, तेच आम्ही मराठीत बोलत आलो. त्या वाक्यानं आमच्याकडे माणूस निर्धास्त झोपतो. मीही झोपलो.

आणि मामांनी खरोखरच पाहून घेतलं. पुढचे काही दिवस ते छत्री घेऊन बसने शहरभर हिंडले, एकेका क्लबाच्या प्रतिनिधीच्या घरी जाऊन बसले. गिरणीचा संघ दुसऱ्या एका मैदानावर दिवे लावून देईल, सामने दोन-दोन लावू, नव्या संघांनी पुढची तीन वर्षं जुन्या क्लबांचा एकही खेळाडू घ्यायचा नाही, अशी तोड त्यांनी काढली. माझे जुने कप्तानसुद्धा विरघळले. मतं जमली. त्याच आठवड्यात एका लग्नासाठी मामा तंजावरला गेले आणि बहिणीला सांगून आले, "अक्का, पोराचें काम झालें. गांठोडें बांध."

मी मात्र अड्यारला वेगळंच पाहत होतो. साहेब माझ्याशी बोलेनात. पोथीची थट्टा बंद. शेवटी एकदा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि बसायला सांगितलं नाही.

"तुझे मामा सेक्रेटरी आहेत हे तू मला सांगितलं होतंस," ते म्हणाले. "ते गुंड आहेत हे सांगायला विसरलास."

मला काहीच उमजेना.

"भर सभेत आमच्याविरुद्ध बोलले, ते ठीक. पण नंतर कोपऱ्यात नेऊन मला दम देतात? म्हणे तोंड उघडू नका, तुम्हाला मी पाहून घेतो! मी पुण्याचा आहे. मला असं कुणी म्हणालं तर काय करायचं ते मला कळतं. असल्या लीगमध्ये माझी माणसं मी खेळवणार नाही. सकाळीच लीगच्या अध्यक्षांना फोन करून सांगितलं, आमचं नाव काढा."

मी त्यांना अर्थ सांगितला. एकदा सांगितला, मग पुन्हा सांगितला, कारण पहिल्यांदा त्यांना ती सारवासारव वाटली. तुमच्याकडे हे भांडताना म्हणतात, आमच्याकडे आजाऱ्याच्या उशाशी बसून म्हणतात. साहेबांचा चेहरा हळूहळू उतरला.

"मग सरळ सांगायचं ना माणसानं," ते पुटपुटले.

"सरळच सांगितलं होतं," मी म्हणालो.

वाईट माणूस नव्हता तो. तिथल्या तिथे त्यांनी अध्यक्षांना फोन लावला. पण दुपारी कमिटी बसून उठली होती. आमचं नाव गेल्यावर उरला एकटा गिरणीचा संघ. एकच नवा संघ घेतला तर संघांची संख्या विषम होते, दर फेरीला एक संघ हात चोळत घरी बसतो, सगळं वेळापत्रक विस्कटतं. तेव्हा यंदा कुणालाच नको, लीग आहे तेवढीच राहू दे, असं ठरलं होतं. महिनाभर लोक ज्याच्यासाठी भांडले त्या प्रश्नाला मत द्यायची वेळसुद्धा आली नाही. महिनाअखेर आम्हां पाचही जणांना कंपनीने नारळ दिला. साहेब दारापर्यंत सोडायला आले. मला राग आला नाही. यायला हवा होता हे कळत होतं.

आमचं नाव का निघालं हे मी मामांना सांगितलं. "तो मराठी ना?" एवढंच त्यांनी विचारलं. आयुष्यभर त्यांना वाटत आलं होतं की मद्रासमध्ये आपलं बोलणं ज्याला तळापर्यंत समजतं असा माणूस भेटला तर तो मराठीच असणार.

आईला कळवायला उशीर झाला होता. तिने खोली सोडली होती. तिची जाती-पाटे, तांब्याचा बंब, सगळं वाटून टाकलं होतं, आणि चुलत्यांनी ती खोली लगेच धाकट्या सुनेला दिली होती. मद्रासला एळुंबूरच्या स्टेशनवर ती उतरली ती एक ट्रंक आणि लोणच्याच्या दोन बरण्या घेऊन. नवं घर म्हणून बरण्या नव्या घेतल्या होत्या. मी तिला फलाटावरच सगळं सांगितलं.

"सेरी," आई म्हणाली. मग ट्रंकेला हात घालत, "बरण्या तूं घे, फुटतील."

मी तिला मामांकडे पोचवलं. तात्पुरतं, असं सगळेच म्हणाले. मला पुढे एका छापखान्यात नोकरी लागली, पण पोटापुरती, आणि मांबलमचं ते बिऱ्हाड दुसऱ्याला गेलं होतं. लीगने दोनेक वर्षांनी नवे संघ घेतलेच, एकदम चार. दिवे वाढले, रेफरी वाढले, जुने क्लब एकेक करून बुडाले. कोण बरोबर होतं ते मला अजून सांगता येणार नाही. मी ते सामने बघायला गेलो नाही.

दर रविवारी मी मामांकडे जेवायला जायचो. आई वाढायची, मामी चुलीपाशी. मामी मनाने मोकळी बाई, आईला एका शब्दाने कधी दुखवलं नाही. पहिल्याच रविवारी माझ्या पानावरचा भात संपला. आई भाताचं भांडं घेऊन आली, वाकली, आणि तशीच थांबली. मान वळवून तिने मामीला विचारलं, "ह्यास आणखी थोडा घालूं?"

"अक्का, हें काय विचारतां?" मामी म्हणाली. "घाला की."

सुई उतरल्यावर दुखतं तसं तेव्हा मला दुखलं, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. मी पानावर हात आडवा धरला आणि पुरे म्हणालो. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि भांडं घेऊन आत गेली. मला भूक होती, आणि ते तिला कळलं होतं.