जरा मोठ्याने हाक

काकू खिडकीच्या काचेवर बांगडीने दोनदा टकटक करायच्या आणि मग, "भाऊ, माझं काम झालं का?" असं इतक्या मोठ्याने विचारायच्या की आत डबा उघडून बसलेल्या साहेबांचा घास हातातच राहायचा. "बेन, धीमे बोलो ने!" ते आतून ओरडायचे. त्यावर काकू आणखी मोठ्याने "सॉरी हं, साहेब!" म्हणायच्या.

मी तेव्हा बडोद्यात पोलिसांच्या परवाना शाखेत कारकून होतो. लग्नाचा वरघोडा, गरबा, सभा, कशालाही लाउडस्पीकर लावायचा तर अर्ज माझ्या खिडकीवर यायचा. अशा खिडक्यांसमोर तुम्हीही उभे राहिला असाल. आत बसलेल्याचा चेहरा कसा असतो, ते मी सांगायला नको. माझाही तसाच होता.

काकू बडोद्यातल्याच तरसालीच्या. मोठा आवाज हा त्यांचा स्वभाव नव्हे, सवय. काकांना कित्येक वर्षं कमी ऐकू येत होतं. "शेजाऱ्यांना वाटायचं, आम्ही रोज भांडतो. आणि मी विचारत असायची, भाजी कुठली करू!" पुढे काकांची आठवणही गेली. एका सकाळी दार उघडं राहिलं आणि ते चपला न घालताच निघून गेले. तक्रार झाली, फोटो दिला, तपास सुरू झाला. तरी काकू माझ्याकडे आल्या, कारण त्यांना रिक्षावर लाउडस्पीकर लावून शहरभर फिरायचं होतं.

"फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर गेलाय की, काकू," मी म्हटलं.

"फोटो लोक बघतील. त्यांनी ऐकायला नको का? स्वतःचं नाव विसरलेत, भाऊ, पण माझा आवाज नाही विसरले. जरा मोठ्याने हाक मारायची आहे, बाकी काही नाही."

लाउडस्पीकरवरून काय बोलणार, याचा अर्जात एक रकाना होता. काकूंनी लिहिलं, "अहो, मी आलेय. घरी चला."

साहेबांनी अर्ज परत केला. "आमां माणसनुं नाम क्यां छे?"

मी काकूंना म्हटलं, "असं ओरडलात तर बडोद्यातले निम्मे मराठी नवरे रिक्षामागे येतील." त्या हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. पण नाव घालायला त्या तयार होईनात. उखाण्याखेरीज त्यांनी ते कधी घेतलं नव्हतं, पण अडचण ती नव्हती. "नावाने बोलावलं तर त्यांना वाटेल, कुणी परकी बाई आहे. येणार नाहीत हो ते."

नाव मला माहीत होतं, अर्जाला जोडलेल्या फोटोच्या मागेच लिहिलेलं होतं. पेन माझ्या हातात होतं. मजकुराखाली एक ओळ घातली असती तर त्याच दिवशी सही झाली असती, आणि रिक्षातून त्या काय बोलतात हे तपासायला कोण जाणार होतं? पण दुसऱ्याच्या अर्जात कारकुनाने लिहायचं नाही, हा नियम. मी नियमाला चिकटलो आणि अर्ज अभिप्रायासाठी वर पाठवला. तो वरून खाली आला, पुन्हा वर गेला. काकू रोज यायच्या. "जरा मोठ्याने हाक मारायची आहे, भाऊ." मला त्या टकटकीची धास्ती बसली. दोनदा तर मी जागेवर नसल्याचं सांगायला लावलं. त्याची लाज अजून वाटते.

तीन आठवड्यांनी परवानगी आली. मजकूर होता तसाच मंजूर झाला होता.

पहिल्या सकाळी रिक्षा लहरीपुऱ्यातून गेली, तेव्हा मी मुद्दाम थांबलो होतो. "अहो, मी आलेय. घरी चला." दुकानांतली माणसं पायरीवर येऊन बघत होती. कुणी हसलं नाही.

त्याच संध्याकाळी मी मान वर केली तर काकू समोर उभ्या. काच वाजलीच नव्हती. त्या काही बोलत होत्या, पण मला ऐकू येईना. मी खिडकीच्या फटीला कान लावला.

"सयाजीगंजात हाक मारली तर एक चहावाला हातगाडी सोडून धावत आला. म्हणाला, ए काका तो रोज मारी लारी पासे बेसता हता. कुणी बाई मोठ्याने बोलली की उठून बघायचे म्हणे. त्याला वाटलं, कुणाची तरी वाट बघतायत. गेल्या सोमवारपर्यंत होते, भाऊ."

मी घाईने नवा अर्ज पुढे ओढला. "काकू, मी मुदत वाढवून देतो. आत्ता सही आणतो."

"आणा," त्या म्हणाल्या. "पण आता कुठल्या बाजूला तोंड करून हाक मारू?"

परवान्याची घडी करून त्यांनी ती खिडकीत ठेवली आणि त्या निघून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी डबा उघडला, पहिला घास हातातच धरला आणि आतून विचारलं, "आजे बेन ना आव्यां?"