टायरची चकाकी

नात रोज साताऱ्याहून शिरवळला कामाला गाडीने जाते, म्हणून नवे टायर निवडायला मीही दुकानात गेले. मालकाने काळेभोर, चकचकीत टायर पुढे मांडले. मला तिथंच शंका आली. माहेर बेदाण्याच्या तासगावचं असूनही तरुणपणी तेल लावून चमकवलेल्या बेदाण्याला भुलणारी येडी मीच! आता टायरवर अंगठा घासला, तर अंगठा काळा झाला.

"आवं आजी, पॉलिश हाय ते," मालक म्हणाला.

"म्हंजे वय लपवलंय."

नातीने टायरवर छापलेले, तो कधी बनला ते सांगणारे आकडे वाचले. माल तीन वर्षांपूर्वीचा निघाला. मग मालकाने आतून धुळकट, पण यंदाचे टायर काढले. ते बसवले.

"आता तरी बस गाडीत, आजी," नात म्हणाली.

मी म्हटलं, "आधी मालकांना शेजारी बसवून हायवेवर चक्कर मार. ते हसत उतरले, तर मी बसते."