मॅडमनी थांबवलेली लस

मॅडम आज सकाळी सव्वासातला गेल्या.

त्यांच्या भाच्याचा फोन आला तेव्हा मी चपात्या करत होते. फोन ठेवला आणि उरलेल्या चार लाटल्या.

अजून रडू आलेलं नाही. म्हणून लिहितेय.

वासंती मॅडम इम्युनॉलॉजिस्ट होत्या. मुंबईतल्या एका लॅबमध्ये त्यांनी अकरा वर्षं डेंग्यूच्या लसीवर काम केलं. त्यातली शेवटची सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली होते. प्रोजेक्ट असिस्टंट, कॉन्ट्रॅक्टवर.

डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. लस चारही प्रकारांना अडवणारी हवी. आमची अडवत होती. उंदरांवरचे रिझल्ट इतके छान होते की माणसांवरच्या ट्रायलची तयारी सुरू झाली होती. पेढे वाटून झाले होते.

मग एका मंगळवारी मी प्लेट वाचत होते.

लस दिलेल्या उंदरांच्या रक्तातलं सीरम अगदी पातळ केलं की प्लेटमधल्या पेशींत दुसऱ्या प्रकारचा विषाणू कमी व्हायच्या ऐवजी वाढत होता. म्हणजे लसीचा जोर ओसरला की तिच्याच अँटिबॉडी विषाणूला पेशीत शिरायला मदत करणार. लस घेतलेल्या माणसाला पुढे डेंग्यू झाला, तर तो जास्त वाईट होण्याची भीती.

मी तीनदा करून पाहिलं. मग मॅडमकडे गेले.

"मॅडम, माझं काहीतरी चुकलंय."

त्यांनी आकडे पाहिले.

"चुकलं असतं तर किती बरं झालं असतं गं."

पुढचे तीन आठवडे त्यांनी स्वतः बेंचवर बसून सगळं परत केलं. ट्यूबवर नावं नाहीत, फक्त नंबर. कुठलं सीरम कुठलं, हे त्यांनाही माहीत नव्हतं. यादी माझ्याकडे. शेवटच्या दिवशी यादी उघडली.

तेच.

आमच्या लॅबच्या मोठ्या साहेबांकडे त्या गेल्या तेव्हा फाइल धरून मीही होते. साहेब वाईट माणूस नव्हते. थकलेले होते.

"पेशींमधला डेटा आहे, वासंती. माणसात तसंच होईल असं नाही. ट्रायल होऊ दे. हे पुढच्या पेपरात टाकू."

"साहेब, औषध आजारी माणसाला देतात. लस धडधाकट माणसाला देतात. तो आपल्या पायांनी चालत येतो, बाही वर करतो. त्याला काय सांगू? पुढचा पेपर वाच?"



संध्याकाळी मॅडमनी सगळ्यांना मेल टाकला. चार ओळी. काम थांबवतोय, कारण हे, डेटा सोबत जोडलाय.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लॅबमध्ये कोणी नीट बोलेना. दोन मुलांची पीएचडी अर्धवट लटकली. प्रोजेक्ट बंद म्हणजे मीही बंद. माझी मुलगी तेव्हा बालवाडीत होती.

खरं सांगते, मला प्रचंड राग आला होता. शेवटच्या दिवशी मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "तुमचं काय मॅडम, तुमची नोकरी परमनंट आहे."

"हो," म्हणाल्या.

बस. एवढंच.

दोन वर्षं मी त्यांचे फोन उचलले नाहीत.

मग एका रविवारी आमच्या मीरा रोडच्या घराची बेल वाजली. दारात मॅडम. भाईंदरजवळच्या राईहून, त्यांच्या गावाहून, रिक्षा करून आल्या होत्या. हातातल्या पिशवीत घरच्या वाडीतली भेंडी आणि काही कागद.

"फोन उचलत नाहीस. हा पेपर पाठवायच्या आधी तुझी सही हवीय."

ज्या टेस्टमध्ये आमची लस नापास झाली, त्या टेस्टचा त्यांनी बारीकसारीक सगळं लिहून पेपर केला होता. दुसऱ्या लॅबना आपापल्या लशी आधीच तपासता याव्यात म्हणून. लेखकांच्या यादीत पहिलं नाव माझं.

"मॅडम, असं कसं? मी साधी एम.एस्सी. आहे."

"ती वाढ आधी कोणाला दिसली?"

"मला."

"मग?"

मी सही केली. चहा झाला. सॉरी त्या म्हणाल्या नाहीत, मीही म्हणाले नाही. त्याच पेपरामुळे मला पुढची नोकरी लागली. अजून तिथेच आहे.

रिटायर झाल्यावर त्या राईलाच असायच्या. मागच्या वर्षी भेटायला गेले तेव्हा त्यांची म्हातारी काकी ओट्यावर बसली होती. मला बघून तिला लॅबची आठवण झाली असावी.

"वासंती, तुझी लस कवा येनार गो?"

"न्हाय येनार काकी. बरी न्हाय निंगाली."

"मग एवढी वरसं काय केलंस?"

मॅडम हसल्या. "बरी हाय का न्हाय, तेच बघत व्हते."

काकीने मान डोलावली. तिला पटलं.

चार दिवसांपूर्वी मॅडमना स्ट्रोक आला. भाईंदरच्या हॉस्पिटलमध्ये मी काल काचेतून पाहून आले. ओळखण्यासारख्या दिसत नव्हत्या.

आज दुपारी राईला गेले. रिक्षावाल्याने विचारलं, "किधर?" मी म्हटलं, "श्मशान." त्याने गाणं बंद केलं.

वीसेक माणसं होती. मागे कोणीतरी म्हणालं, "ती लस आली असती ना, तर आज इथे पाय ठेवायला जागा नसती."

मी वळून पाहिलं नाही. माझ्या डोक्यात त्या ट्रायलला येणारी माणसं होती. कॉलेजची पोरं, कुणाच्या तरी आया. ती आलीच नाहीत. आज कुठेतरी भाजी घेत असतील, कुणावर तरी ओरडत असतील. मॅडम कोण, त्यांना कधीच कळणार नाही.

घरी आले, आंघोळ केली, कपडे वाळत घातले. सगळं करता येतंय. तेच विचित्र वाटतंय.

'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहितात अशा वेळी. भाव अजून आलेला नाही, मॅडम. येईल तेव्हा येईल.

श्रद्धा आहे. ती घ्या.