आबांचा नालचुंबक

कपाट आवरताना आबांचा नालचुंबक हाती आला. बोटांना लोखंडाचा तोच वास लागला आणि ऐंशीच्या दशकातला कोल्हापुरातला तो हॉल आठवला.

आबा, म्हणजे माझे वडील, गारगोटीला विज्ञान शिकवायचे. त्यांचा एक विद्यार्थी टीव्हीवर प्रयोग दाखवून गाजला आणि पुढं सांधेदुखीवर चुंबकाचे पट्टे विकू लागला. त्याच्या विक्रीच्या कार्यक्रमात आबा उभे राहिले.

"बाळ, आधी पुरावा दाखव की. असलं शिकवलं न्हवतं मी तुला."

त्यानं आबांना ओळखलं होतं, मी बघितलं. तरी माईकवर म्हणाला, "पावणं, बसा की खाली."

हॉल हसला. मीही हसले. टीव्हीवरच्या माणसापुढं मला माझ्या बापाची लाज वाटली होती.

आबा खाली बसले ते माझ्याकडं बघतच.