दोन वीत खाली

मेव्हिस कॉकरिलच्या हातांना स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. ग्रिम्सबीच्या गोदीवर तिने उमेदीची सगळी वर्षं मासे साफ करण्यात घालवली. बर्फाच्या पाण्यात हात, हातात सुरी आणि तोंडाने शेजारणीशी गप्पा. निवृत्त झाल्यावर त्या हातांना काम उरलं नाही, मग ते दिसेल ते उकरू लागले. वाफ्यात कंद लावले की आठवडा झाला नाही तोच ती माती बाजूला करून कोंब आला का बघायची. भट्टीत केक ठेवला की दर थोड्या वेळाने दार उघडायची, आणि केक बसला की भट्टीच्या नावाने बोटं मोडायची.

नवरा विल्फ अगदी उलट. तो रेल्वेच्या फाटकावर होता. फाटक बंद करायचं, गाडीची वाट बघायची, फाटक उघडायचं. त्याला वाट बघण्याचाच पगार मिळतो, असं ती सगळ्यांना सांगायची. घरात त्याची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, हर्बर्ट नावाचं कासव. विल्फ शाळेत असताना त्याच्या वडिलांनी बाजारातल्या हातगाडीवरून आणलेलं. एका उन्हाळ्यात या हर्बर्टने वाफ्यात अंडं घातलं, तेव्हा मेव्हिसला हसू आवरेना. विल्फ म्हणाला, "आता या वयात त्याचं नाव काय बदलायचं?" आणि हर्बर्ट हर्बर्टच राहिला.

त्याची हिवाळ्याची झोप हे घरातलं एक मोठं काम असे. पानं पिवळी पडली की विल्फ त्याचं खाणं हळूहळू बंद करी, मग चहाच्या जुन्या खोक्यात गवत आणि कागदाचे कपटे भरून त्याला आत निजवी. खोकं परसातल्या धुण्याच्या खोलीत जाई. मार्चपर्यंत झाकण उघडायचं नाही. एका जानेवारीत मेव्हिसने ते उघडलं होतं. नुसतं बघायला. हर्बर्ट अर्धवट जागा झाला, त्याचं तोंड आतून सडलं, आणि तो कसाबसा वाचला. विल्फ तिला एक शब्द बोलला नाही. पण त्यानंतर दरवर्षी तो झाकणाला खिळे मारू लागला, आणि ते खिळे मेव्हिसला शब्दांपेक्षा जास्त लागले.

विल्फच्या छातीने दगा दिला त्या शरद ऋतूत त्याचा पलंग खाली पुढच्या खोलीत आणला होता. श्वास घेताना छातीतून बारीक शीळ वाजायची. ती शीळ सगळ्या घरात ऐकू यायची, आणि मेव्हिसला तिची इतकी सवय झाली की आपण कान देऊन ऐकत असतो हे तिचं तिलाच कळत नव्हतं. ऑक्टोबरमध्ये एका दुपारी तो ओव्हरकोट चढवून परसात गेला. बराच वेळ आला नाही. परतला तेव्हा गुडघ्यांना माती होती.

"हर्बर्टची सोय झाली," तो म्हणाला. "आता तू हात लावू नकोस."

"मी कशाला लावतेय हात?"

"मेव्हिस."

"बरं बाबा, नाही लावत."

धुण्याच्या खोलीत खोकं जागेवर होतं, खिळे मारलेलं. तिने ते उचलून पाहिलं. वजन दरवर्षीइतकंच होतं.

शेवटच्या आठवड्यात त्याने आपल्या राखेची व्यवस्था सांगितली. चर्चच्या आवारात नको, समुद्रात तर मुळीच नको. परसात, भिंतीलगतच्या नाशपतीखाली. "दोन वीत खणायचं. त्याच्याखाली जायचं नाही. वर भरपूर पाला घाल, आणि त्याच्यावर जिन्यातला जुना गालिचा टाक. मला थंडी सोसत नाही."

"मेल्यावर कसली आलीय थंडी?"

"तुला काय ठाऊक? तू मेली आहेस का कधी?"

तिला हसू आलं, त्यालाही आलं, आणि त्या हसण्याने त्याला इतकी ढास लागली की तिला त्याला धरून बसावं लागलं. ढास थांबल्यावर तो एवढंच म्हणाला, "मार्चमध्ये हर्बर्टला नीट जागं कर. घाई करू नकोस." त्यानंतर तो फारसा बोलला नाही. दोनतीन दिवसांनी ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत असताना पुढच्या खोलीतली शीळ थांबली.

डिसेंबरात तिने राख पुरली. शेजारची नॉर्मा कुंपणापलीकडे हाताची घडी घालून उभी होती, साक्षीला म्हणा हवं तर. दोन वीत खणून झालं आणि फावडं कशावर तरी टक्क वाजलं. मुळीचा आवाज असा येत नाही, आणि दगडाचाही इतका पोकळ येत नाही. मेव्हिसने फावडं टाकलं आणि हाताने चाचपायला ती खाली वाकली.

"मेव्हिस, दोन वीत म्हणाला होता तो," नॉर्मा म्हणाली.

"बघू तर दे काय आहे."

"अगं, निदान आजच्या दिवस तरी त्याचं ऐक."

मेव्हिसने हात काढून घेतला. राख ओतली, माती लोटली, पाला घातला, गालिचा टाकला. लाल गुलाबांचा गालिचा, इतकी वर्षं त्यावरून चढउतार केलेली. परसात तो असा काही दिसत होता की कोणीतरी तिथे पांघरूण घेऊन निजलंय.

खोक्यातला आवाज तिला जानेवारीत ऐकू यायला लागला. दुपारी ती धुणं पिळत असायची, आणि कोपऱ्यातून सावकाश खरवडल्यासारखं व्हायचं. थांबायचं, पुन्हा व्हायचं. तिचे हात खिळ्यांपर्यंत जायचे आणि ती ते एप्रनला पुसून मागे घ्यायची. "झोप रे," ती म्हणायची. "अजून वेळ आहे." पुढे पुढे तर चहाचा कप घेऊन ती तिथेच बसू लागली. घरात दुसरा आवाज नव्हता. एकदा तिने नॉर्माला बोलावून आणलं. दोघी स्टुलांवर बसल्या. बऱ्याच वेळाने खरवडलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं की. हालचाल करतोय, म्हणजे जिवंत आहे," नॉर्मा म्हणाली, पण कप अर्धा ठेवून उठली आणि परत काही त्या खोलीत आली नाही.

मार्च लागला, कुंपणावर पिवळा बहर आला, आणि मेव्हिसने पक्कड घेतली. एकेक खिळा सावकाश काढला, जसा विल्फ काढायचा. कोमट पाण्याचं तसराळं तयार ठेवलं होतं. गवत बाजूला केलं. आत विल्फचा करडा स्वेटर होता, नीट गुंडाळलेला. तो उलगडला तर आत गोदीच्या फरसबंदीतला एक गोल दगड.

तिने सगळं गवत उपसलं. खोक्यात दुसरं काही नव्हतं. उंदराची लेंडी नव्हती, कुरतडलेला कपटा नव्हता. गवत ऑक्टोबरात भरलं तसंच बसलेलं होतं. दगड काही खरवडत नाही. जानेवारीपासून आपण कोणाला झोप म्हणत होतो, हा विचार मनात आला आणि तिने झाकण परत लावून टाकलं.

मग तिला राग आला. मरणाऱ्या माणसाने बायकोला असं फसवावं? "मेल्या," ती मोठ्याने म्हणाली, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन तिने तोंडावर एप्रन धरला. तो मार्चमध्ये जागं करायला सांगून गेला होता. कोणाला जागं करायचं होतं? हर्बर्ट हिवाळाभर उघड्यावर राहिला असेल तर तो मेला असणार, आणि विल्फने आपली म्हणून जी एक जिवंत गोष्ट तिच्या हाती दिली होती तीही गेली. आठवडाभर तिने परस पिंजून काढला. वाफे खणले, कोळशाची कोठी उपसली, कुंपणाखाली पालथी पडून बघितलं. गालिच्याला तेवढा हात लावला नाही. तिथे विल्फ होता.

पुढे एक दिवस चांगलं ऊन पडलं. मेव्हिस दोरीवर चादरी घालत होती, नॉर्मा पलीकडे चिमटे वेचत होती. काही बोलायला म्हणून नॉर्माने मान वर केली ती तशीच राहिली.

"मेव्हिस," ती अगदी हळू म्हणाली. "तुझा गालिचा."

गालिच्याचा मधला भाग वर येत होता. एक लाल गुलाब उचलला गेला, थोडा वेळ तसाच राहिला आणि खाली बसला. मग पुन्हा उचलला गेला. वारा मुळीच नव्हता. चादरी सरळ लोंबत होत्या. भर उन्हात, कालवलेल्या मातीचा ओला वास येत होता.

"विल्फ?" मेव्हिस म्हणाली.

पलीकडे चिमट्यांची टोपली पडली आणि नॉर्माच्या मागच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला. मेव्हिस पुढे गेली. तिला पळावंसंही वाटत होतं, पण त्याहून जास्त बघावंसं वाटत होतं, आणि तिच्या बाबतीत या दोन्हींत नेहमी काय जिंकतं ते सांगायला नको. तिने गालिच्याचा कोपरा उचलला, पाला सारला. माती फुगत होती, भेगाळत होती. भेगेतून करडी राख वर आली, आणि राखेतून एक चेहरा. म्हातारा, सुरकुतलेला, डोळे मिटलेले, तोंडाभोवती राखेचा लेप. क्षणभर तिने त्याला विल्फच समजलं. मग एक खवलेदार पाय बाहेर आला आणि मातीवर टेकला.

दुपारी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी, कोवळीच पोर होती ती, हर्बर्टला तराजूत ठेवलं आणि भुवया वर केल्या. "हा बाहेर राहूनही वाचला याचंच नवल आहे, मिसेस कॉकरिल. वर काही पांघरूण होतं का?"

"गालिचा होता," मेव्हिस म्हणाली. "आणि पाला. आणि माझा नवरा."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि हर्बर्टला नीट तपासलं. डोळे चिकटले होते, नाकातून पाणी येत होतं, छातीत भरलं होतं. तिने औषध टोचलं आणि बजावून सांगितलं. एकदम उष्णता द्यायची नाही. रोज हनुवटीपर्यंत कोमट पाण्यात बसवायचं, आधी पाणी पिऊ द्यायचं, खाणं मग. डोळे ओल्या कापसाने पुसायचे, ओढून उघडायचे नाहीत. "बाकी त्याच्यावर सोडा. सारखं उचलून बघू नका."

"हे माझ्या नवऱ्याने सांगितलं का तुला?" मेव्हिसने विचारलं.

घरी आल्यावर तिने हर्बर्टला तसराळ्यात बसवलं. पाठीवरची माती सुटली आणि कवचाच्या कडेला एक पांढरा टवका दिसला, ताजा, फावड्याच्या पात्याने उडावा तसा. तिने त्यावर बोट ठेवलं आणि तिच्या कानात ते टक्क वाजलं. मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. ऑक्टोबरात हर्बर्ट खोक्याची वाट न बघता आपला आपण जमिनीत गेला होता. विल्फला जागा सापडली होती, पण उकरून काढायची ताकद नव्हती, आणि झोपी गेलेल्याला उकरणं बरंही नव्हतं. बायकोला सांगितलं असतं तर तिने सकाळ व्हायच्या आत फावडं मारलं असतं. ती खोकं उचलून बघणार हे ठाऊक होतं, म्हणून दगड. दोन वीत, पाला, गालिचा. प्रश्न विल्फच्या थंडीचा नव्हताच. तो पांघरूण होऊन पडला होता. पन्नास वर्षं आपल्याला इतकं ओळखून असलेला माणूस गेला, या विचाराने तिला त्या दिवसांत पहिल्यांदा मोकळं रडू आलं.

तसराळ्यातलं पाणी राखेने करडं झालं होतं. ते बदलायला तिने हात पुढे केला, तेवढ्यात हर्बर्टने मान लांब केली, तोंड पाण्यात बुडवलं आणि प्यायला लागला. घुटक्यामागून घुटका. गळा हलत होता, डोळे मिटलेलेच. त्याला उचलावं की नाही हे मेव्हिसला कळेना. अखेर तिने हात एप्रनमध्ये गुंडाळले आणि त्याला पिऊ दिलं. उरलेलं पाणी तिने नाशपतीच्या बुंध्याशी ओतलं.

हर्बर्टचं खोकं तिने पुढच्या खोलीत ठेवलं, जिथे पलंग होता तिथेच, कारण तीच एक खोली ना फार गरम ना फार थंड. आणि मग ती शीळ सुरू झाली. बारीक, प्रत्येक श्वासाला, अगदी तीच. डॉक्टरीणबाई म्हणाली होती नाक भरल्यावर असं वाजतं. मेव्हिसने ते मानलंही. पण स्वयंपाकघरात काम करताना तिचे कान पुन्हा त्या खोलीत जाऊन बसले. नॉर्मा दारात येई, शीळ ऐके आणि उंबऱ्यावरूनच परत जाई. हर्बर्ट पाणी पिई, पण खाईना. डोळे उघडेनात. रोज परसातल्या दुधाळीच्या तणाची पानं समोर ठेवायची, रोज वाळलेली उचलायची. त्याने पानं खाल्ली नाहीत तरी चालेल, पण ती शीळ थांबू नये, असं मेव्हिसला वाटू लागलं होतं.

एका दुपारी ती बटाटे सोलत होती, आणि शीळ थांबली.

तिच्या हातातली सुरी जागच्या जागी राहिली. मागच्या वेळी ती धावत गेली होती, विल्फला हलवलं होतं, खांद्याला धरून उठवायला बघितलं होतं. आता ती बसून राहिली. नळ ठिबकत होता. तिने हातातला बटाटा पुरता सोलला. मग दुसरा घेतला, तोही सोलला. "घाई करू नकोस," तो म्हणाला होता. दुसरा बटाटा पातेल्यात टाकल्यावर ती उठली आणि पुढच्या खोलीत गेली.

हर्बर्टचे दोन्ही डोळे उघडे होते, काळे, ओले. तोंडात दुधाळीचं पान होतं आणि तो ते चघळत तिच्याकडे बघत होता. कुठे होतीस इतका वेळ, असं विचारल्यासारखं.

"आलास?" मेव्हिस म्हणाली.

त्या साली पानं पिवळी पडली तसा हर्बर्ट नाशपतीखाली जाऊन उकरायला लागला, त्याच जागी. मेव्हिस चहाचं खोकं घेऊन उभी होती. नॉर्मा कुंपणापलीकडून बघत होती.

"उचल की त्याला. आता कसली वाट बघतेस?"

मेव्हिसने खोकं खाली ठेवलं. हर्बर्ट पार दिसेनासा झाल्यावर तिने वर पाला ओढला, गालिचा टाकला आणि कडांना विटा ठेवल्या. खाली किती गेला ते तिने बघितलं नाही.

"नॉर्मा, हा आपल्या सगळ्यांना पोचवून मग जाईल," ती म्हणाली. "माझं झालं की मलाही तिथेच घालायला सांग. दोन वीतच हं, जास्त नाही. आणि वर गालिचा टाका. मला थंडी सोसत नाही."