मातीला फावडं

आमच्या घरात देवाचं नाव दिवसातून इतक्या वेळा घेतलं जायचं की लहानपणी मला वाटायचं, तो आमचा कुणी जवळचा नातेवाईक असावा, फक्त भेटायला येत नाही. चहाआधी प्रार्थना, जेवणाआधी प्रार्थना, एसटीत बसताना प्रार्थना. मोटारसायकल सुरू झाली नाही की बाबा टाकीवर हात ठेवून डोळे मिटायचे, ती वेगळीच. गाडी बहुतेकदा सुरू व्हायची. आई पायरीवरून म्हणायची, "पेट्रोलमध्ये कचरा आहे, त्याला काय देव साफ करणार?"

आम्ही मिझोरामचे. तिथल्या मंडळीनं, म्हणजे चर्चनं, बाबांना सुवार्तेच्या कामासाठी हिंगोली जिल्ह्यात पाठवलं तेव्हा मी आईच्या कडेवर होते. आखाडा बाळापूरच्या बाजारापासून आत असलेल्या एका गावात आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो आणि तिथंच मी मोठी झाले. मराठी शाळेत शिकले, मराठीत भांडायला शिकले. आमचे डोळे बारीक, म्हणून गाव आम्हाला नेपाळी म्हणायचं. मिझोराम भारतातच आहे हे बाबांनी बरीच वर्षं समजावलं, मग नाद सोडला. गंमत अशी की आमच्या भाषेत डोंगराखालच्या साऱ्या मुलखाला 'वायराम' म्हणतात, म्हणजे परक्यांचा देश. गावाच्या लेखी आम्ही परदेशी आणि आमच्या लेखी गाव परदेश, अशी फिटंफाट होती.

बाबा गावात रमले, आई रमली नाही. हे सरळच सांगते, कारण आमच्या मंडळीच्या सभांत ते नेहमी गोड करून सांगितलं जायचं. बाबांना देवानं बोलावलं होतं. आईला बाबांनी बोलावलं होतं. दोन्ही बोलावण्यांत फरक असतो, आणि तो कुणी विचारात घेतला नाही.

बाबा मराठी शिकले ती बायबल वाचून. त्यामुळं ते किराणा दुकानात जाऊन, "मला अर्धा किलो साखर प्राप्त होईल काय?" असं विचारायचे. दुकानदार हात जोडून म्हणायचा, "खचित होईल, महाराज." बाबांना त्यातली टिंगल कळायची नाही आणि कळली असती तरी ते रागावले नसते. रविवारी आमच्या पुढच्या खोलीत उपासना व्हायची. तीन-चार घरं यायची, कधी एकच यायचं. बाबा मात्र शंभर माणसं बसल्यासारखे उभे राहून बोलायचे.

गावाला खटकेल म्हणून बाबांनी डुकराचं आणि गाईचं मांस इथं आल्याबरोबर सोडलं. आईनंही सोडलं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. माहेराहून धुरावलेल्या मांसाचा डबा आला होता, तो बाबांनी दारातूनच परत बांधायला लावला. आईनं त्या दिवशी फक्त भात उकडून ठेवला. तिला इथं ओळखीची अशी एकच गोष्ट सापडली, ती म्हणजे अंबाडी. आमच्या डोंगरातही हीच आंबट पालेभाजी असते आणि तशीच शिजवून भाताबरोबर खातात. बाजारात पहिल्यांदा ती जुडी दिसली तेव्हा आईनं ती नाकाला लावली आणि भर बाजारात रडली, असं बाबा सांगायचे.

ती जुडी विकणारी बाई आमच्याच गल्लीतली निघाली. तिच्या घरी शेळ्या-मेंढ्या होत्या आणि गावाबाहेर शेताचा एक लहान तुकडा. त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ती अंबाडी लावायची. मी तिला मावशी म्हणायची. मावशी आणि आई रोज दुपारी ओट्यावर बसायच्या. आईला मराठी जेमतेम यायची आणि मावशीला दुसरं काहीच यायचं नाही. आई आमच्या भाषेत बोलायची, मावशी तिच्या. मी शाळेतून येऊन विचारायची, "काय बोलत होता?" मावशी म्हणायची, "आमाला काय ठाव? पर बरं वाटलं बघ."

आईला भीती एकाच गोष्टीची होती, इथं मरण्याची. मरणाची नव्हे, इथं मरण्याची. आमच्याकडे कुणी गेलं की वस्तीतली तरणी पोरं न बोलावता फावडी-कुदळी घेऊन निघतात आणि खड्डा खणतात. पैसे देऊन खणून घेत नाहीत, तो मान असतो. बाकीचे लोक घरात दाटीवाटीनं बसून गातात. दफन झाल्यावरही संध्याकाळी येत राहतात, घरच्यांना एकटं पडू देत नाहीत. आई म्हणायची, "इथं माझ्यासाठी कोण खणणार? कोण गाणार? तुझे बाबा एकटेच दोन्ही करतील." बाबांनी तिला वचन दिलं होतं की काहीही झालं तरी तुला डोंगरात नेऊन ठेवीन. ते वचन मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, एकदा नव्हे, पुष्कळदा. आई ते मधूनमधून पुन्हा म्हणवून घ्यायची.

बाबांच्या फावड्याची गोष्ट मला गावानं इतक्यांदा सांगितली की ती मी स्वतः पाहिल्यासारखी वाटते. आम्ही नवे होतो तेव्हाची. मावशीचा सासरा वारला. मावशीचा नवरा, ज्याला मी काका म्हणायची, दारात येऊन म्हणाला, "फादर, आमचा म्हातारा गेला. मातीला या." इकडे माती म्हणजे अंत्ययात्रा. पुढं सरण असो की खड्डा, लोक मातीलाच जातात. बाबांना हा शब्द नवा. त्यांनी सरळ अर्थ घेतला, आणि त्यांच्या डोंगरातल्या रीतीप्रमाणे तो अर्थ बरोबरच होता. कामाचे कपडे घालून, खांद्यावर फावडं टाकून ते मसणवट्यात पोचले. तिथं लाकडं रचून झाली होती. सगळे फावड्याकडे बघू लागले. मग कुणीतरी म्हणालं, "फादर, इथं वखारीचं काम हाय, मिस्त्रीचं न्हाई." पुढं कितीतरी वर्षं गावात कुणी चुकीच्या वेळी चुकीची वस्तू घेऊन आलं की लोक म्हणायचे, "आला बघा मातीला फावडं घेऊन."

आई आजारी पडली तेव्हा मी शिकून गावी परतले होते. पोटात गाठ निघाली. हिंगोलीला दाखवलं, नांदेडला दाखवलं. बाबा टाकीवर ठेवायचे तसाच हात तिच्या पोटावर ठेवून प्रार्थना करायचे. शेवटी शेवटी आईनं तो हात बाजूला सारला. शांतपणे सारला, पण सारला. पोळ्याच्या आसपास, सारखा पाऊस लागला असताना, ती सकाळीच गेली. शेवटचं बोलली ते वचनाचंच. बाबा "हो" म्हणाले.

डोंगरातून फोन आला. मंडळीनं सगळं ठरवलं होतं. हैदराबादपर्यंत गाडी, तिथून विमान. तुम्ही फक्त निघा, पुढचं आम्ही बघतो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नाही. ती इथंच राहील."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, "बाबा, तुम्ही वचन दिलंय."

"हो."

"मग?"

बाबा म्हणाले, "इतकी वर्षं मी या लोकांना सांगत आलो की हे आमचं घर आहे, आम्ही तुमचे आहोत. आता आमचं माणूस गेल्याबरोबर उचलून घेऊन गेलो, तर माझ्या बोलण्याला काय अर्थ राहिला?"

मी म्हणाले, "तुमच्या बोलण्याला अर्थ राहावा म्हणून आईनं इथं पुरून घ्यायचं?" मी आणखीही बरंच बोलले. आईचा देह शेजारच्या खोलीत होता आणि मी ओरडत होते. बाबा आपल्या निर्णयावरून हलले नाहीत. मला त्या दिवशी त्यांचा राग आला, तो अजून आहे. देवाचाही आला, पण तो बाबांच्या आड उभा होता म्हणून वाचला.

जागेचा प्रश्न आला. गावात पुरायची आमची अशी जागा नव्हती. माणसं दबक्या आवाजात बोलत होती, तेवढ्यात मावशी बायकांतून उठून पुढं आली आणि म्हणाली, "आमच्या धुऱ्यावर ठिवा तिला. तिची अंबाडीबी तितंच हाय." काकांनी मान डोलावली आणि जागा ठरली.

मग आमच्या घरमालकानं आपल्या परीनं फार मोठा उपकार केला. जवळच्या शेतात शेततळ्याचं काम चालू होतं, तिथला जेसीबी त्यानं फोन करून बोलावला. बाबांना म्हणाला, "फादर, तुमी काईच तकलीफ घेऊ नका. पाच मिंटात खड्डा मारून देतो त्यो." पिवळा जेसीबी चिखल उडवत धुऱ्यापर्यंत आला. आईची भीती या रूपात येईल असं तिला कधी वाटलं नसेल. इथं कुणी खणणार नाही असं ती म्हणायची, आणि खणायला मशीन आलं, तेही मायेनं.

बाबा जेसीबीच्या पुढं जाऊन उभे राहिले. हातात तेच जुनं फावडं. "कृपा करून हे यंत्र परत न्या," म्हणाले. घरमालकाला काही कळेना. तो मला म्हणाला, "अगं, काहून असं करून राहिले तुझे बाबा? चिखल हाय. हातानं कवा व्हायचं?" बाबांनी खणायला सुरुवात केली होती. पावसात काळी माती फावड्याला अशी चिकटते की टाकायची ती पडत नाही, पुन्हा फावड्याबरोबर परत येते. बाबा दर वेळी ती पायानं ओढून काढत होते. माणसं लिंबाखाली उभी राहून बघत होती. वाईट मनानं नव्हे, काय करावं ते कुणाला सुचत नव्हतं.

काका खाली बसले होते. ते बाबांकडे पाहत होते, बराच वेळ. मग उठले आणि लिंबाखालच्या माणसांना म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्याच्या टायमाला बी हे फावडं घेऊन आलते. आपुन हासलो." एवढंच बोलून ते धोतर खोचून खड्ड्यात उतरले. त्यांच्यामागून आमच्या उपासनेला येणारा एक दमेकरी म्हातारा उतरला. मग घरमालकही टिकाव घेऊन आला, जेसीबीवाल्याला परत पाठवून.

बायका मातीला जात नाहीत, पण मावशी आणि मी धुऱ्यावर उभ्या होतो. बाबांनी आमच्या भाषेतलं एक दफनाचं गाणं सुरू केलं. त्यांचा आवाज तिसऱ्या ओळीला बसला. मला ते गाणं येत होतं आणि मी गायले नाही. आईला हात मिळाले, डोंगर मिळाला नाही. लोक आजही मला सांगतात की किती सुंदर झालं ते. सुंदर झालं असेल, पण तिनं ते मागितलं नव्हतं.

त्या दिवशी मावशीनं आमच्या घरी पिठलं-भाकरी आणली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात, त्याला कडू घास म्हणतात. बाबांनी जेवणाआधी सवयीनं हात जोडले, पण तोंडातून शब्द आला नाही. मावशी म्हणाली, "खा फादर. देवाला ठाव हाय."

बाबांनी थडग्यावर लाकडी क्रूस लावला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, काहीच जागेवर राहू देत नाही. क्रूस दर पावसाळ्यानंतर एका अंगाला कलायचा आणि बाबा जाऊन तो सरळ करायचे. आमच्यात बोलणं कमी झालं होतं, पण क्रूस सरळ करायला मी बरोबर जायची. काका त्याच धुऱ्याकडं मेंढरं घेऊन यायचे आणि लांबूनच हात वर करायचे.

मग बाबांचं वय झालं आणि मंडळीनं त्यांना नियमाप्रमाणे परत बोलावलं. त्यांच्या जागी दुसरं कुटुंब येणार होतं, नंतर तेही आलं नाही. आम्ही सामान बांधलं. बाबांनी इथंच राहण्याची परवानगी मागितली होती, मिळाली नाही. आणि ज्या माणसानं बोलावणं आलं की निघायचं एवढंच आयुष्यभर केलं, तो याही बोलावण्याला निघाला. जायच्या दिवशी ते धुऱ्यावर गेले, मी गेले नाही. परत आले तेव्हा त्यांच्या चपलांना काळी माती होती. ती त्यांनी पुसली नाही, चपला तशाच कागदात गुंडाळल्या.

आता आम्ही ऐजॉलला राहतो. इथं मला माझीच माणसं 'वाय', म्हणजे परकी, म्हणून चिडवतात, कारण रागावले की माझ्या तोंडून मराठी निघते. बाबा वस्तीतल्या प्रत्येक मयताला जातात. खणायचं वय राहिलं नाही, तरी फावडं नेतात. पोरं ते हळूच काढून घेतात आणि त्यांना बसायला जागा देतात. आमच्या घरातून कब्रस्तान दिसतं. आईच्या आईशेजारी जागा मोकळी आहे.

परवा मावशीचा फोन आला. तिकडं पाऊस लई झालाय म्हणाली. सोयाबीन पाण्यात आहे, काकांचे गुडघे धरलेत, अंबाडी मात्र चांगली आली. मग म्हणाली, "तुझी आय कलली व्हती बघ एका अंगाला. मी न् तुझ्या काकानं नीट उभी केली. दगड लावलेत बुडाला."

मी "बरं केलं मावशी" म्हणाले. तिच्या पाठीमागं शेळी ओरडत होती.

"येक इचारू का पोरी?" ती म्हणाली. "तुमाला जायचंच व्हतं, तर तिला काहून ठिवलं इथं?"

फोन स्पीकरवर होता. बाबा समोर बसले होते. त्यांची मराठी अजून पुस्तकीच आहे, पण समजतं त्यांना सगळं.