हौसाची मारकी म्हैस

"म्हशीनं लाथ मारली, बाई," सखाराम म्हणाला. विचारलं होतं मी त्याच्या बायकोला. हौसा पदर ओढून स्टुलावर बसली होती. वय फार तर अठरा.

पिंपरीकडं तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. चाकणजवळच्या एका दवाखान्यात मी नर्स होते. याच म्हशीनं हौसाला मागंही मारलं होतं. मी तिचा हात वळवून बघितला. कोपराखाली, बाहेरच्या बाजूला वळ. काठी अंगावर आली की माणूस हात आडवा धरतो, वळ तिथंच उठतो. दंडावर चार बोटं उमटलेली. अहो, म्हशीला खूर असतात, बोटं कुठली?

आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं.

"सिस्टर, ड्रेसिंग करा. नवराबायकोच्या भानगडीत आपण पडायचं नाही."

माझं डोकंच फिरलं. पुढच्या खेपेला काठी डोक्यात बसली, पोरगी गेली, तर ड्रेसिंग कुणाचं करू?

बाहेर आले. "सखाराम, म्हैस पहिल्यापासून मारकी आहे का रे?"

"छ्या! लई गरीब."

"मग एकाएकी बिघडली कशी? पिसाळलेलं कुत्रं चावलं असणार. दूध कोण पितं?"

"मीच की."

"अगंबाई! मग तुला पोटात इंजेक्शनं. रोज एक. डॉक्टर!"

डॉक्टर दारात आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, हौसाच्या दंडाकडं बघितलं. मग शांतपणे म्हणाले, "मोठी सुई उकळायला ठेवा, सिस्टर."

तेव्हा सुया उकळून वापरायचो, आणि कुत्र्याच्या इंजेक्शनांचा धसका पैलवानालाही असायचा. सुई बघून सखाराम भिंतीला टेकला.

"म्हशीनं न्हाई मारलं!"

"मग कुणी?"

बाजारचा दिवस. व्हरांडा माणसांनी भरलेला, सगळे कान टवकारून.

"म्या," तो पुटपुटला.

"आरं मुडद्या!" रांगेतली एक म्हातारी कडाडली.

हौसाचा भाऊ बाजारात कांदा विकायला आला होता. त्याला बोलावून घेतलं. हौसा उठली, तिनं पदर खोचला.

सखाराम रडकुंडीला आला. "आगं, मग धार कोन काढंल?"

"तुमी काढा." तिचा आवाज आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "जपून. लाथ मारती म्हनं."

अख्खा व्हरांडा हसला. हौसा हसली नाही. ती भावाच्या गाडीत जाऊन बसली, आणि पुन्हा काही त्या घरी नांदायला आली नाही.

त्यानंतर बाईमाणूस पेशंट आली की मी नवऱ्याला आधी बाहेर काढायचे. नुसती सर्दी असली तरी.